एमआरआय झाला म्हणून बायोप्सीला नकार द्यायचा?

«लिव्हरच्या कॅन्सरला आता ऑपरेशन नको, सुईही नको. एमआरआय आणि एआय मिळून गाठीचा नेमका प्रकार सांगतात. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तर नकार द्या, सुई लागली की कॅन्सर पसरतो.» हा मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, यकृताचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम. परवा एका मुलाने वडिलांच्या बायोप्सीचं, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं, संमतीपत्र सही न करता परत दिलं आणि कारण म्हणून मोबाइलवर हेच दाखवलं. म्हणून लिहितोय.

«सुईशिवाय निदान होतं.» होतं, पण सगळ्यांचं नाही. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, बाकीचं धमनीतून. यकृतात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी सर्वाधिक आढळणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे एचसीसी, मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. त्यामुळे काँट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचलेलं औषध, धमनीतून पोहोचताच गाठ उजळते आणि थोड्या वेळाने आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळपट दिसते. सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढ रुग्णात, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीत हे दोन्ही बदल स्पष्ट दिसले, तर बहुधा बायोप्सीची गरज पडत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ मध्ये आणलेल्या लाय-रॅड्स या गाठींच्या वर्गवारीच्या पद्धतीत अशा गाठीला एलआर-५ म्हणतात. पण हाच नियम निरोगी यकृतातल्या गाठीला लावता येत नाही.

त्या मुलाच्या वडिलांच्या रिपोर्टवर एलआर-५ नव्हतं, एलआर-एम होतं. म्हणजे गाठ कॅन्सरची वाटते, पण ती एचसीसीच आहे असं चित्रावरून म्हणता येत नाही. त्यांची गाठ फक्त कडेने, कड्यासारखी उजळत होती. असं चित्र पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये दिसतं, दुसरीकडून यकृतात आलेल्या कॅन्सरमध्येही दिसतं आणि कधीकधी एचसीसीतही. तिघांचे उपचार वेगळे.

«नेमका प्रकार कळतो.» इथे मजकूर संशोधनाच्या बराच पुढे धावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात एचसीसीचे अनेक उपप्रकार आहेत. त्यातला मॅक्रोट्रॅबेक्युलर-मॅसिव्ह हा आक्रमक. त्याची ओळख म्हणजे सहापेक्षा जास्त पेशींच्या जाडीच्या पट्ट्या, त्याही अर्ध्याहून अधिक गाठीत. एमआरआयमधला एक ठिपका साधारण मिलिमीटरभराचा, त्यात हजारो पेशी मावतात. त्या पट्ट्या आम्हाला दिसत नाहीत, दिसतात त्यांच्या खुणा. गाठीचा मधला भाग बराच मृत झालेला असेल तर या उपप्रकाराचा संशय वाढतो. गॅडॉक्सेटिक आम्ल हा काँट्रास्ट यकृताच्या पेशी शोषून घेतात, म्हणून वीसेक मिनिटांनी यकृत उजळतं आणि बहुतेक एचसीसी काळे राहतात. थोडे उजळ राहतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाठींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. मला स्वतःला हे फार विलक्षण वाटतं. तरीही हा अंदाजच.

आणि मजकुरातला एआय, म्हणजे कॉम्प्युटर, हे शिकला कुठून? ज्यांच्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या, त्यांच्या स्लाइड पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली वाचल्या, आणि ती उत्तरं एमआरआयशी जोडून प्रोग्रॅम तयार झाला. म्हणजे त्याने बहुतांशी पाहिलेत ते ऑपरेशन होऊ शकलेले रुग्ण. ज्याची गाठ काढण्यापलीकडे गेली आहे, त्याच्या बाबतीत तोच अंदाज तितकाच चालेल हे गृहीत धरता येत नाही. शिवाय अशी बरीच कामं एकेका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर झालेली आहेत. यंत्र बदललं, काँट्रास्ट बदलला, आजाराचं मूळ हिपॅटायटिस बीऐवजी दारू किंवा फॅटी लिव्हर असलं, की अंदाजाच्या अचूकतेचे आकडे हलतात.

«सुई लागली की पसरतो.» ही भीती निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकणार नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे प्रमाण सुमारे २.७ टक्के निघालं, म्हणजे शंभरात तीनहून कमी. रक्तस्रावाचा धोकाही असतो. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर डॉक्टर सुईबाबत जास्तच सावध असतात, ते योग्यच आहे. पण «लागली की पसरतो» हे खोटं आहे.

नकाराची किंमतही असते. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ जनुकात बदल सापडला तर त्यावर नेमकी औषधं आहेत, पेमिगॅटिनिब, आयव्होसिडेनिब. तो बदल एमआरआयच्या फिल्मवर पाहून ही औषधं देता येत नाहीत, त्यासाठी बहुतेक वेळा गाठीचा तुकडाच लागतो.

उलट बाजूही सांगतो. सिरोसिस आहे, रिपोर्टवर एलआर-५ आहे आणि तरी बायोप्सी सांगितली, तर ‘तिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. कधी कारण असतं, कधी नसतं. त्या मुलाला मी वडिलांच्या गाठीची ती उजळलेली कडा स्क्रीनवर दाखवली. संमतीपत्र तो घरी घेऊन गेला आहे, वडिलांना दाखवायला.