खर्जाची खरेदी

स्वस्तातली बास गिटार ऑनलाइन घ्यायची असेल, तर ती घेतोय हे घरात कुणाला सांगू नये. बाहेर सांगितलं तर चालतं. बाहेरच्यांना बास म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून ते विषय बदलतात. घरच्यांनाही माहीत नसतं, पण ते विषय बदलत नाहीत.

मुळात मला बास वाजवायची हौस नव्हती, गिटार वाजवायची होती. पण आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या ऑर्केस्ट्रात माझ्याआधीच तीन गिटारवाले होते आणि तिघेही एकाच वेळी एकच कॉर्ड वाजवायचे. ऑर्केस्ट्रा चालवणारे आमचे वरच्या मजल्यावरचे भाई शांत माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गिटार तो बधा वगाडे छे. नीचेनुं कोण वगाडशे?" खालचं कोण वाजवणार, या प्रश्नाला बडोद्यात आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही. गणपतीच्या आरतीपासून नवरात्रीच्या गरब्यापर्यंत सगळ्यांना वरचं वाजवायचं असतं. खालचं म्हणजे खर्जाचे स्वर, आणि ते वाजवणारी चार तारांची गिटार म्हणजे बास. मी हो म्हणालो. बजेट ठरलं वीस हजारांच्या आसपास. बायकोने त्यातला 'आसपास' हा शब्द तिथल्या तिथे काढून टाकला.

चार-दोन रात्री मोबाइलवर काढल्यावर यादीत दोनच नावं उरली : यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझ जीएसआर २००. या वाद्यांना माणसांसारखी नावं का देत नाहीत कळत नाही. वडिलांनी ही दोन्ही नावं माझ्या डायरीत वाचली आणि "कुणी धडक दिली का रे?" म्हणून काळजीने विचारलं. आमच्याकडे गाड्यांचे नंबर जीजे ०६ ने सुरू होतात, त्यामुळे त्यांना जीएसआर २०० ही परराज्यातली गाडी वाटली.

काकांना मात्र यामाहा हे नाव ऐकताच भरून आलं. त्यांच्याकडे एके काळी आरएक्स १०० होती. व्हिडिओतला माणूस दोन्ही बासच्या पिकअपबद्दल, म्हणजे तारांचा कंप उचलणाऱ्या चुंबकाबद्दल, बोलत होता, तेव्हा काका मागून म्हणाले, "पिकअप यामाहाचाच! मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत तिसऱ्या गिअरवर जायची." मी त्यांना सांगितलं की मोटरसायकलची कंपनी वेगळी झाली १९५५ मध्ये, आणि मूळ यामाहा त्याच्या कितीतरी आधीची. तोराकुसू यामाहा नावाच्या गृहस्थाने १८८७ मध्ये जपानमधल्या हमामात्सूच्या एका शाळेतला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून हा सगळा व्याप सुरू झाला. अजूनही त्यांच्या चिन्हात तीन सूरकाटे एकमेकांत अडकवलेले असतात. काका म्हणाले, "ते चाकाचे आरे आहेत." गाडीच्या टाकीवर वर्षानुवर्षं फडकं मारलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आयबानेझबद्दल घरात कुणाचंच काही मत नव्हतं, हा तिचा माझ्या दृष्टीने मोठा गुण. नाव स्पॅनिश, कंपनी नागोयाची, होशिनो गाक्की. साल्व्हादोर इबान्येझ नावाच्या स्पॅनिश गिटारकाराचं नाव त्यांनी उचललं आणि त्यावर जपानी कारभार थाटला. आडनाव एकीकडचं आणि बोलणंचालणं दुसरीकडचं, यात बडोद्याच्या दांडिया बाजारात मराठी घरात वाढलेल्या माणसाला नवल वाटण्यासारखं काही नाही.

मग किंमत. काकांचा हिशोब सरळ होता. सहा तारांची गिटार जेवढ्यात मिळते, त्याच्या दोन तृतीयांशात चार तारांची मिळायला हवी. मी म्हटलं, काका, या तारा जाड असतात. सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरच्या वर जाते. दांडीही लांब, ३४ इंच तारेची लांबी. लिओ फेंडर या अमेरिकन गिटारवाल्या कारखानदाराने १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढली तेव्हा जे माप धरलं, तेच आजही बहुतेक सगळे धरतात. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग वजनावर भाव काढ."

खरी पंचाईत पुढे होती. या दोन बासमध्ये जे सारखं आहे ते महत्त्वाचं आहे, आणि जे वेगळं आहे ते मला वापरता येणार नाही. दोन्हींची तार ३४ इंची. दोन्हींत मधे दुभागलेला एक पिकअप आणि घोडीजवळ एक सरळ पिकअप. यामाहाला पडदे, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, २४, आयबानेझला २२. हे दोन जादा पडदे दांडीच्या त्या टोकाला असतात, जिथे मी गणपतीपासून दिवाळीपर्यंत एकदाही फिरकणार नाही. तरी त्या दोन पडद्यांसाठी मी एक अख्खा रविवार घालवला. माणूस फ्लॅट घेताना गच्चीचा हक्क मागतो आणि नंतर पापड वाळवायलासुद्धा वर जात नाही, तसंच.

आवाज ऐकून ठरवावं म्हटलं तर तेही जमेना. बासच्या सगळ्यात खालच्या तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो बाहेरच येत नाही. येतात ते त्याचे वरचे उपस्वर. त्यांच्यावरून आपला कान मूळ स्वर आपणच जुळवून घेतो. म्हणजे रात्री उशिरापर्यंत मी जी तुलना करत होतो, त्यातला निम्मा माल माझ्याच डोक्यात तयार होत होता. व्हिडिओतला दाढीवाला डोळे मिटून विचारायचा, "जाणवतोय ना तो खालचा भरीवपणा?" आणि मी अंधारात मान हलवायचो.

मुलीने तिचे हेडफोन दिले. (दिले म्हणजे "अर्ध्या तासाने परत" या अटीवर.) आता फरक कळायला लागला. आयबानेझ जास्त गुबगुबीत वाटली, यामाहा जरा कोरडी. मग लक्षात आलं की एका व्हिडिओत तारा नव्या कोऱ्या आहेत, दुसऱ्यात वाजवणाऱ्याच्या पायाशी आवाज बदलणारी तीन-चार पेडल आहेत. तेवढ्यात तिसरा एक जण आला आणि म्हणाला, टोन लाकडात नसतो, पिकअपमध्ये नसतो, टोन बोटांत असतो. उदाहरण दिलं जेम्स जेमरसनचं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बास वाजवणारा हा माणूस उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा, आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही म्हणे. हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण मग आधीच्या दाढीवाल्याने पिकअपवर चाळीस मिनिटं का घेतली होती, हे कळलं नाही.

ग्राहकांच्या अभिप्रायांचा उपयोग होईल ही आशाही फोल ठरली. "पॅकिंग उत्तम, अजून उघडली नाही", पाच स्टार. "मुलाला वाढदिवसाला दिली, तो तबला शिकतो", चार स्टार. "फोटोत दिसते तेवढीच मोठी आहे", दोन स्टार. याच्यावर मी बराच वेळ विचार केला.

शेवटी म्हटलं, एकदा हातात धरून बघू. रावपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही नावं ऐकली, समाधानाने मान हलवली. "बेउ सरस छे. पण स्टॉकमां एकेय नथी." एक तिसरीच बास होती, हार्मोनियमच्या खोक्यांमागे उभी. धूळ झटकून त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. आणि पट्ट्याने खांदा दाबल्यावर मला जे कळलं ते इतक्या दिवसांच्या व्हिडिओंनी सांगितलं नव्हतं. दांडीचं टोक आपसूक जमिनीकडे झुकत होतं, म्हणजे डावा हात वाजवायचा सोडून ती तोलून धरण्यातच गुंतला. पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवून करंगळी चौथ्यावर न्यायची तर मधलं अंतर तेरा सेंटिमीटरच्या जवळपास. माझी करंगळी तिसऱ्याच्या अलीकडेच थरथरत थांबली. तारा पडद्यांपासून इतक्या उंच की दाबताना बोटाच्या पेरावर आडवा वळ उमटला. एक स्वर वाजवला. दुकानातल्या काचेच्या कपाटात लटकवलेले घुंगरू किणकिणले. दुकानदार म्हणाले, "जुओ, केटलो पावर!"

या सगळ्या गोष्टी, म्हणजे तोल, दांडीची जाडी, तारांची उंची, ऑनलाइन फोटोत कुठेच दिसत नाहीत. तिथे दिसतो रंग. आणि रंगाबद्दल आमच्या घरात प्रत्येकाचा अधिकार. बायको म्हणाली, लाल घेऊ नका, तुमच्या पोटावर उठून दिसेल. मुलगी म्हणाली, काळ्यावर बोटांचे ठसे उमटतात. काका म्हणाले, आरएक्स काळी होती.

तिढा सोडवला आत्याने. आत्या इथल्याच संगीत महाविद्यालयात शिकलेली. सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेचा वारसा सांगणारी ती संस्था, आणि आत्या तो वारसा जेवणाच्या टेबलावरही सांगते. तिने हेडफोन कानाला नुसते टेकवले, दोन्ही ऐकल्या, आणि विचारलं, "हे चौथं बटण कसलं?"

मी सांगितलं, आयबानेझला खालचा आवाज आणखी फुगवणारं एक बटण आहे, आत सर्किट आहे, त्यासाठी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल घालावा लागतो. अशा बहुतेक वाद्यांत वायर खोचलेली राहिली की सेल उतरत राहतो, म्हणून वाजवून झालं की आठवणीने वायर काढायची. यामाहाला सेलबिल काही लागत नाही.

"आठवणीने कोण काढणार?"

"मी."

आत्या काही बोलली नाही. तिने फक्त हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं. बायकोने पाहिलं. मुलीने पाहिलं. ते घड्याळ उन्हाळ्यापासून चार वाजून दहा मिनिटं दाखवतंय आणि त्याला एक पेन्सिल सेल लागतो. "रविवारी आणतो" हे माझं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. काका जागेवरून न उठता म्हणाले, "यामाहा."

ऑर्डर केली. खोकं आलं ते माझ्या मुलीच्या खांद्यापर्यंत. डिलिव्हरीवाल्याने ते दुचाकीवर पायांमध्ये उभं धरून आणलं होतं आणि वळताना त्याला एका बाजूचं काही दिसत नव्हतं, असं त्यानेच हसत सांगितलं. सोबत फुकट मिळालेला क्लिपवाला ट्यूनर निघाला. तो सेलवर चालतो. आत्याने तो चिमटीत धरून मुलीकडे दिला आणि आतून पेटी आणवली. एकेक पट्टी दाबत तिने माझ्याकडून तारा लावून घेतल्या : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. मग थोडं थांबून म्हणाली, "अरे, प्रत्येक तार मागच्या तारेचा मध्यम आहे. मालकंस वाजव."

मी म्हटलं, आत्या, भाईंनी पहिल्यांदा गरबा सांगितलाय.

"गरबा कुणीही वाजवेल."

भाईंचा जुना बास अ‍ॅम्प आणून ठेवलाच होता. रात्री जेवणं झाल्यावर तो लावला, आवाज अगदी हळू ठेवला. आत्याने डोळे मिटून षड्ज धरला आणि मी खाली तिच्या षड्जाची मोकळी तार छेडत राहिलो. खोलीत फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण टेबलावरचा चमचा बशीत सरकत होता. दहाएक मिनिटांनी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे पटेलकाका, हातात टॉर्च.

"तमारी पाणीनी मोटर चालु रही गई लागे छे," ते म्हणाले. "अमारी आखी छत धमधमे छे."