खाडा

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'बायांचे महिन्याला दोनच खाडे चालवून घ्या, पुढच्यांचे पैसे कापा. सगळ्यांनी एकी ठेवा.' खाली अंगठ्यांची रांग, सगळे बायकांचे. पुरुष एकही बोलला नाही. बोलेल कशाला? खाडा झाला की त्याला कुठे ओट्यापाशी उभं राहायचंय!

मागच्या जुलैत आमच्या ताई तापाने फणफणल्या होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, राहतात मानखुर्दला, चेंबूरमध्ये पाच घरची धुणीभांडी करतात. दोन खाडे झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांची सातवीतली पोर दारात उभी. शाळेच्या गणवेशात. "आईनं पाठवलंय. पैसे नका कापू."

आणि मी तिला आत घेतलं. हो, मीच. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं गुन्हा आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण साडेनऊला मीटिंग होती. तिचा मोठा भाऊ त्या दिवशी घरी होता. माझा नवराही घरी होता. भांडी पोरीने घासली.

मान्य, न सांगता खाडा झाला की ऑफिस गाठताना जीव मेटाकुटीला येतो. माझाही येतो. पण ताटं तिघांची आणि जीव एकटीचाच का जातो, हे ग्रुपवर कोणी विचारलं का? त्याऐवजी आपण ताईंचे पैसे कापायला निघालो. राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण साप्ताहिक सुट्टीचा हक्क त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे, त्याला भारताने अजून मंजुरी दिलेली नाही. आणि आपण दोन खाडे 'चालवून घेतो'! तुमचा रविवार ऑफिसात कोणी खाडा म्हणून मोजतं का?

ती पोर जाताना ओले हात गणवेशाला पुसत म्हणाली, "काकू, बाईंना उशिराचं काय सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. आज तो मेसेज वाचल्यापासून तेच कानात आहे.

दुपारी ताईंना म्हटलं, यापुढे रविवारी यायचं नाही, पगार पूर्ण मिळेल. रविवारची भांडी नवरा घासेल, त्याच्याशी बोलणं झालंय. त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकीच्या चार घरी तर जावंच लागतं ना, वहिनी."

त्या चारपैकी दोन घरं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. म्हणून इथे लिहिलं.