शून्य पॉइंट आठ

गवंडी पंधरा दिवस ‘उद्या येतो’ म्हणत राहिला, म्हणून परसातला पडलेला गडगा मीच घातला. दोरी ताणून, नळीत पाणी भरून, तीन दिवस. कंबरेचं विचारू नका. चौथ्या सकाळी चहा घेऊन तो निरखत होतो, तेवढ्यात शेजारचे तात्या आले. गडग्यावर मोबाईल ठेवून त्यांनी डोळे बारीक केले.

“मेल्या, वाकडो घातलंस.”

“कुठे वाकडा, तात्या?”

“मी नाय सांगत. मोबायल सांगता. झिरो पॉइंट आठ.”

पुतण्याने लेव्हलचं ॲप टाकून दिल्यापासून वाडीत काही सरळ उरलेलं नाही. देवळाची पायरी दीड, आमची तुळस दोन, जावयाचा नवा ओटा ‘काय बोलूचा नाय’. अहो, जांभ्याचा चिरा तो! त्याच्या भोकात करवंद मावतं आणि हे त्यावर दशांश मोजणार!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, सरळ असतं कुठे तुमचं? नळीतलं पाणी? पाणी पृथ्वीची गोलाई धरतं. समोरचा दर्यासुद्धा किलोमीटरभरात सुमारे ८ सेंटिमीटर खाली वळतो. ओळंबा? गडग्याच्या दोन टोकांना सोडलेत तर तेही समांतर नसतात, दोघे पृथ्वीच्या पोटाकडे निघालेले. पॅरिसजवळ १८८९पासून साऱ्या जगाचा किलो ठरवणारं मूळ वजन काचेखाली जपलं होतं. शंभर वर्षांत त्याचं आणि त्याच्या जुळ्या भावंडांचं ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास बिनसलं. शेवटी २०१९मध्ये त्याला घरी बसवलं. मग माझ्याच गडग्याने काय घोडं मारलंय?

तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“दर्याचा ऱ्हवांदे. तेका तू चिरे लावूक नाय.”

मी त्यांचा फोन उचलून जागच्या जागी टोकाकडून टोकाकडे फिरवला. मागे कॅमेऱ्याचा हा एवढा उंचवटा, त्यावर फुगलेलं कव्हर. आता कल पलीकडे, आकडा तोच. “बघा! खोट फोनात आहे.”

तात्या बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे दोनय बाजून वाकडो!”

दुपारी दुकानात कांदे घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “गडगो पडलो काय हो?” तीन दिवस ऊन खाल्लं त्याचं कुणी विचारलं नाही. आणि तो गवंडी? त्याचं नावसुद्धा निघालं नाही. न येणाऱ्याचं काम कधी वाकडं होत नाही.

रात्री जेवून, बायको झोपल्यावर, बॅटरी घेऊन गेलो. माझ्या फोनचं कव्हर काढलं. एका बाजूने ०.१. फिरवून ०.३. तिसरा चिरा जरासा उचलला आणि खाली खडा सारला.