त्या पोरांना खोली सोडायला सांगू नकोस, मावशी

रविवारी म्हापशाहून मावशीचा फोन आला. तिच्या परसातल्या दोन खोल्यांत तीन वर्षं चार पोरं भाड्याने राहतात. कळंगुट-बागाकडे कामाला जातात, भाडं थकवत नाहीत, चवथीला माटोळी बांधायला हात लावतात. महिनाअखेर ती त्यांना खोल्या खाली करायला सांगणार आहे. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज: पैसे घेऊन पुरुषांसोबत झोपणारी पोरं गोव्यात एचआयव्ही पसरवतात, एकत्र राहिल्याने रोग एकाचा दुसऱ्याला होतो, त्यांची भांडी-कपडे वेगळे ठेवा, सक्तीने तपासून पंचायतीत नावं लावा, खोल्या देऊ नका.

ही चौघं तो धंदा करतात की नाही, मावशीला ठाऊक नाही. मलाही नाही, आणि विचारायचं काही कारणही नाही.

भांडी, कपडे, संडास यांतून एचआयव्ही होत नाही. यावर मी आणखी वेळ घालवणार नाही.

अशा पोरांत एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे, हे मात्र खरं. देशातल्या प्रौढांत ते ०.२ टक्के; पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २०२१च्या सरकारी पाहणीत ३ टक्क्यांच्या थोडं वर निघालं. म्हणजे त्यांच्यातही शंभरातल्या सुमारे सत्त्याण्णव जणांना एचआयव्ही नाही.

सगळ्यात घातक मुद्दा एकत्र राहण्याचा, आणि तो साफ उलटा आहे. एका खोलीत झोपून, एका कुकरमधलं जेवून विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. कंडोम न वापरता संबंध आला की जातो, आणि कंडोम सुटतो तो बहुधा ओळखीच्या माणसापाशी. अनोळखी गिऱ्हाइकापुढे हट्ट धरणारा पोरगा ज्याला आपला म्हणतो त्याच्यापुढे गप्प बसतो, कारण तिथे कंडोम मागणं म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटतं. कोणाचं लग्न झालेलं असतं, बायको गावी असते, तिला यातलं काही सांगितलेलं नसतं. दुसरी वेळ पैशाच्या अडचणीची. कंडोमशिवाय जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मिळतं, आणि ज्याला उद्या खोली सोडायची आहे तो त्याला नाही म्हणू शकत नाही. मावशे, तू त्यांना बाहेर काढलंस तर धोका वाढवशील.

खोलीतले सोबतीच एकमेकांना सांभाळतात. कुठलं गिऱ्हाईक मारहाण करतं, कुठे तपासणी गुपचूप होते, हे तेच एकमेकांना सांगतात. एकटा जायला घाबरणाऱ्यासोबत दुसरा जातो. सरकारचा एड्स नियंत्रण कार्यक्रमसुद्धा या लोकांपर्यंत त्यांच्यातल्याच माणसाला नेमून पोचतो. वस्ती उठवली की काय होतं, ते गोव्याने २००४ मध्ये वास्कोजवळच्या बायन्यात, धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीत पाहिलंय. जूनच्या पावसात घरं पाडली, बायका पांगल्या, आणि त्यांच्यात काम करणाऱ्यांना त्यांना शोधणं कठीण झालं.

सक्तीने तपासून नावं लावण्याचा प्रकारही आपण इथेच केला आहे. पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं, तपासणीत एचआयव्ही निघाला, आणि १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलून ६४ दिवस क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत कोंडलं. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी सोय होती. त्यांनी पुढे पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले.

एचआयव्हीबाबतचा आताचा कायदा २०१७चा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही. कोणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय जाहीर करता येत नाही, मग पंचायतीत नावं कसली लावता? आणि एचआयव्ही आहे म्हणून, किंवा एचआयव्ही असलेल्या माणसासोबत राहतो म्हणून, कोणाला भाड्याची जागा नाकारता येत नाही की सोडायला लावता येत नाही.

‘हा रोग झाला म्हणजे संपलं’ असंही त्या मेसेजच्या शेवटी आहे. सरकारी केंद्रात औषध २००४ पासून फुकट मिळतं. ते रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. शंका असेल त्याने १०९७ वर फोन करावा, पैसे पडत नाहीत.

कायद्यातलं भाड्याच्या जागेचं कलम मी मावशीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, शेजारचे काय म्हणतील? पोरांना तिने अजून काही सांगितलेलं नाही. महिना संपायला नऊ दिवस आहेत.