मारिओ फोनवर आणा, म्हणणाऱ्यांना

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक म्हणणं हमखास पुढे येतं. मोबाइलने कॅमेरा गिळला, घड्याळ गिळलं, आता कन्सोलची, म्हणजे गेम खेळण्याच्या खास यंत्राची, पाळी. सोनी आणि मायक्रोसॉफ्टपुढे मारिओवाल्या निन्टेंडो या जपानी कंपनीचा टिकाव लागणार नाही. तेव्हा तिने यंत्रं बनवणं सोडून मारिओ आणि झेल्डा हे आपले गेम सगळ्यांच्या फोनवर, सोनीच्या प्लेस्टेशनवर विकावेत. सेगा ही दुसरी जपानी गेम कंपनी तशीच वाचली. नाहीतर डिजिटल कॅमेऱ्यांपुढे बुडालेल्या कोडॅकसारखी हिचीही गत होणार. ही मांडणी इतक्या आत्मविश्वासाने होते की ऐकणारा मान डोलावतो. मला मात्र ती जवळजवळ प्रत्येक पायरीवर चुकलेली दिसते.

‘फोनमुळे कन्सोलचं गिऱ्हाईक संपलं.’ हे एके काळी खरं वाटावं असंच होतं, ते आधी मान्य करतो. निन्टेंडोचं वी हे यंत्र १० कोटींवर विकलं गेलं, कधी गेम न खेळलेल्या आजी-आजोबांनीही ते घेतलं. मग हातोहाती स्मार्टफोन आले आणि २०१२ साली आलेलं त्याचं पुढचं यंत्र वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर अडकलं. २०११-१२ पासून सलग तीन आर्थिक वर्षं कंपनीच्या मूळ धंद्यात तोटा होता. पण २०१७ च्या मार्चमध्ये स्विच हे नवं यंत्र आलं, आणि तोवर फोन काही कमी झाले नव्हते, उलट वाढले होते. तरी स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

त्याहून बोलका पुरावा मारिओ कार्ट ८ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा. वी यू वर तो साधारण ८४ लाख खपला. तोच गेम, थोडी भर घालून, स्विचवर आला आणि पावणेसात कोटींच्या पुढे गेला. रस्ते तेच, गाड्या त्याच. बदललं होतं ते यंत्र.

यंत्रात असं काय होतं? वी यू च्या हातातल्या कंट्रोलरला स्क्रीन होती, पण मूळ डबा टीव्हीपाशी आणि कंट्रोलर घेऊन फार लांब गेलं की संपर्क तुटायचा. स्विच डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीतून, उचललं की निघालं. गेल्या दिवाळीत आत्याकडे आम्ही सगळे जमलो होतो. टीव्हीवर मोठ्यांचं काहीतरी चालू होतं. भाचीने स्विचची मागची पट्टी उघडून ते फराळाच्या ताटाशेजारी उभं केलं, दोन्ही कडेचे जॉय-कॉन हे छोटे कंट्रोलर सरकवून काढले, एक स्वतःकडे ठेवला आणि एक माझ्या हातात दिला. डबा एकच, खेळणारे दोन, वेगळं काही विकत आणायला नको. फोनवर हे जमत नाही. फोन एका माणसाचा असतो आणि मध्येच वाजतो.

‘मारिओ फोनवर आणला तर कोट्यवधी गिऱ्हाईक मिळेल.’ आणून झालंय! २०१५ मध्ये कंपनीने डीएनए या जपानी कंपनीशी करार केला आणि २०१६ च्या डिसेंबरात आयफोनवर सुपर मारिओ रन आला. सुरुवातीचा भाग फुकट, पुढचा सगळा गेम एकदाच साधारण १० डॉलर भरून. २०१७ मध्ये डाउनलोड २० कोटींवर गेले, तरी हवा तेवढा नफा झालेला नाही हे कंपनीनेच सांगितलं. डॉक्टर मारिओचा मोबाइल गेम २०१९ ला आला आणि २०२१ ला बंद झाला.

कारण फक्त पैशाचं नाही. आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात नकली यंत्रावर, कॅसेटमध्ये फुंकर मारून मारिओ खेळलाय, त्यांच्या अंगठ्याला हे अजून आठवत असेल. बी बटण दाबून ठेवलं की तो धावतो, ए किती वेळ दाबलं त्यावर उडी किती उंच ते ठरतं. खड्ड्याच्या काठावरचा तो अर्धा क्षण म्हणजेच तो गेम. काचेवर बटणच नाही, म्हणून फोनवरचा मारिओ आपला आपण पळतो आणि आपण फक्त टिचकी मारतो. डाव्या अंगठ्याखालचं अधिक चिन्हाचं बटण गुनपेई योकोई यांनी निन्टेंडोतच घडवलं, १९८२ च्या डाँकी काँगच्या छोट्या हातयंत्रासाठी. १९९६ मध्ये मारिओ त्रिमितीत आला तेव्हा निन्टेंडो ६४ या यंत्राच्या कंट्रोलरची दांडी आणि तो गेम बरोबरीने घडले. गेम करणारा आणि बटण करणारा एकाच छपराखाली बसतो, म्हणून हे गेम असे होतात. यंत्र काढून घ्या, पुढचा मारिओ दुसऱ्या कुणाच्या तरी बटणांच्या मापाने बेतावा लागेल.

‘सेगाने तेच केलं आणि ती वाचली.’ सेगाने २००१ च्या जानेवारीत ड्रीमकास्ट या आपल्या यंत्राचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण पैसे संपत आले होते. त्याच वर्षाअखेरीस सेगाचा लाडका सोनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर दिसला आणि २००४ मध्ये सेगा सामी या कंपनीशी जोडली गेली. तिचे गेम आजही निघतात, काही उत्तम आहेत, मला ते आवडतात. पण हा शेवटचा उपाय होता. चांगला चाललेला धंदा असताना तो स्वतःहून कुणी का करावा? शिवाय दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवला की प्रत्येक विक्रीतला वाटा त्याला जातो. आज निन्टेंडोच्या यंत्रावर इतरांचे गेम विकले जातात आणि वाटा तिला मिळतो.

कोडॅकची तुलना तर फारच उथळ आहे. क्योटोत १८८९ साली निन्टेंडो ही कंपनी हानाफुदा हे जपानी खेळाचे पत्ते बनवायला सुरू झाली. बाजार बदलला तशी ती पत्त्यांवरून खेळण्यांवर, खेळण्यांवरून इलेक्ट्रॉनिक खेळांवर आली.

काळजी करायचीच असेल तर किमतीची करा. २०११ मध्ये थ्रीडीएस हे हातातलं यंत्र जपानात २५,००० येनला काढलं, खपेना, म्हणून सहा महिन्यांच्या आत १५,००० वर आणावं लागलं. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला आणि आधी घेतलेल्यांना २० जुने गेम फुकट दिले. स्विच अमेरिकेत ३०० डॉलरला आलं होतं. २०२५ च्या जूनमधलं स्विच २ तिथे ४५० डॉलरला आलं. पहिल्या चार दिवसांत ते ३५ लाखांवर गेलं, पण त्या रांगा जुन्या चाहत्यांच्या होत्या. आठ वर्षांच्या मुलासाठी पहिलंच यंत्र घेणारे आईबाप एवढे पैसे घालतील का, हा प्रश्न खरा आहे, आणि ‘फोनवर या’ म्हणणाऱ्यांच्या मांडणीत त्याला कुठेच जागा नाही.