वीतभर नजर

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं, लिंबाखाली चहाचा गाडा. सांजेचे साडेसहा झाले तरी कट्ट्याचा दगड भाजत होता. शाळेतल्या पोरांना चष्मे वाढत चालल्याची बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचलेली. विषय काढला देशमुख सरांनी, पेपर नाकाला लावून.

"६२ वं लागलं मला. अजून वाचायला चष्मा लागत नाही. आजकालची पोरं गाजर खात नाहीत, दुसरं काय!"

राजण्णा बशीतनं चहा ओढत होता. नवी पेठेत चष्म्याच्या काचा बसवण्यात त्याची हयात गेली. असल्या वाक्याला तो लगेच उत्तर देत नाही, आधी बशी खाली ठेवतो.

"सर, तुमचा नंबर मायनस ७. १०० ला ७ नं भागा. चष्मा काढल्यावर तुम्हाला १४ सेंटिमीटरपर्यंतचं नीट दिसतं, पुढं सगळं धुकं. ह्याला तेज नजर म्हणत नाहीत. पुरती वीतभर पण नाही ती."

"तरीच," बाळ्या म्हणाला, "चहाचं बिल सरांना कधी दिसत नाही. ते नेहमी वीतभर लांब असतंय."

टॉवेलवाला श्रीनू मात्र हसला नाही. त्याची थोरली पोरगी १० वर्षांची, दोन वर्षांत तिचा नंबर मायनस अडीचवरून चारवर गेलेला.

"कमी नंबरचा चष्मा दे तिला," सरांनी निकाल दिला. "डोळ्याला सवय लावायची नाही."

"ह्याच सल्ल्यानं नुकसान होतंय, सर. मलेशियात मुद्दाम कमी नंबर देऊन बघितलं, २००२ ला त्याचा निकाल छापून आला. पुरा नंबर घातलेल्या पोरांपेक्षा ह्यांचाच जास्त वाढला. पण श्रीनू, पुरा म्हणजे खरा पुरा. नुसत्या कॉम्प्युटरवर हनुवटी टेकवून काढलेला नव्हे. पोरं मशीनमध्ये बघताना डोळा आवळतात, मायनस फुगून येतो. औषध टाकून डोळा ढिला करायचा, मग नंबर काढायचा. आणि सोबत डोळ्याची लांबी मोजून घे."

"लांबी?"

"अरे, नंबर म्हणजे नुसता हिशोब. मूळ दुखणं, डोळ्याचा गोळा मागं लांबतो. मोठ्या माणसाचा साधारण २४ मिलिमीटर असतो. एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर चढला. २६ च्या पुढं गेला की डोळ्याच्या आतल्या पडद्याची, रेटिनाची, काळजी सुरू. दर सहा महिन्यांनी तो आकडा लिहून ठेव, तुझ्या सुताच्या वहीत लिहितोस तसा."

"पोरीला खेळायला पाठव की बाहेर," बाळ्या म्हणाला.

"४३ डिग्रीत? उन्हात?" सर उसळले. हे पीटीचे सर होते, हे इथं सांगितलं पाहिजे.

"ऊन नको सर, उजेड हवा. लक्स म्हणजे उजेडाचं माप. वर्गात ट्यूबलाइटखाली ३०० ते ५०० लक्स मिळतात. ह्या लिंबाच्या सावलीत दिवसा काही हजार. त्या उजेडानं पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि गोळ्याची वाढ आवरतं, असं मानतात. तैवाननं २०१० पासून शाळेतल्या पोरांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं धरलं. आपल्या उन्हात सकाळी ७ ते ९, नाहीतर ५ नंतर. आपल्याकडं पीटीच्या तासाला पोरं बाहेर असायची, पण तो तास गणिताच्या बाईंना कोण देऊन टाकायचं?"

सरांनी पेपर उघडला. आता तो उलटा होता.

"पण एक आहे," राजण्णा श्रीनूकडं वळला, "बाहेर खेळण्याचा फायदा नंबर लागायच्या आधी जास्त. म्हणून धाकट्याला आत्ताच काढ. थोरलीसाठी डॉक्टरांना नंबरची वाढ आवरणाऱ्या ॲट्रोपिनचं विचार. रात्री झोपताना एक थेंब. ०.०१ टक्क्याचं सहज मिळतं, हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ जास्त लागू पडलं. किती ते डॉक्टर ठरवणार, मेडिकलवाला नव्हे. आणि मनानं बंद करायचं नाही. जोरकस डोस एकदम सोडला की दाबलेला नंबर उसळी मारतो."

"एवढं कशाला?" सर पेपरामागून बोलले. "१८ झाले की लेझर. श्रीनूच्या भाच्याचा ८ नंबर गेला की नाही? लग्न पण जमलं."

"बायोडाटातला चष्मा गेला, सर. बुबुळ पुढनं घासलं. मागचा गोळा २७ चा असेल तर अजून २७ चाच. श्रीनू, टॉवेल ताणून धरला की कुठं विरतो?"

"किनारीला."

"पडदा पण तसाच कडेला विरतो. तिथं भोक पडलं की आतलं पाणी मागं शिरतं आणि पडदा सुटतो. डोळ्यासमोर एकदम काळ्या माशा वाढल्या, कडेला विजा चमकल्या, बाजूनं सावली सरकायला लागली, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडं. नुसतं भोक असताना लेझरनं भोवतीनं डाग देऊन भागतं. मधली नजर गेल्यावर ऑपरेशन केलं तरी पहिल्यासारखं दिसेलच असं नाही. आणि सरळ रेघ वाकडी दिसली, फरशीची नाहीतर टॉवेलच्या किनारीची, तर मधल्या भागात पाणी-रक्त झिरपत असेल. एकेक डोळा झाकून बघायचं, दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शन असतंय."

"डोळ्यात सुई?" सरांनी चष्म्यावर हात ठेवला.

"बधिर करून देतात. अजून एक, भाच्याला सांग, लेझरच्या आधीचा नंबरचा कागद जपून ठेव. बुबुळ पातळ झालं की डोळ्याचं प्रेशर मोजताना खोटंच कमी येतं, काचबिंदू लपून राहतो. मोतीबिंदूला आत बसवायच्या लेन्सचं गणितही चुकू शकतं. कागद लग्नाच्या अल्बममध्ये चिकटव म्हणावं."

"सर, तुम्ही पडदा शेवटचा कधी बघितला?" श्रीनूनं विचारलं.

"परवाच की!"

"हुतात्मा मंदिरातला नाटकाचा पडदा नाही विचारत लका!" बाळ्या.

"बाहुली मोठी करून बघायचा," राजण्णा म्हणाला. "अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, नंतर चार-सहा तास चकाकतं. स्कूटर न्यायची नाही, रिक्षा करा. पैसे श्रीनू देईल. आणि निदान चष्मा नाकाच्या शेंड्यावर घालत जाऊ नका. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की जोर कमी होतो. ८ मिलिमीटर घसरली तर तुमचा ७ चा साडेसहाच्या आसपास येतो."

बाळ्या ताडकन उठला. "म्हणजे पार्क मैदानावर! घाम होता, चष्मा घसरलेला, आणि सरांनी मला एलबीडब्ल्यू दिला!"

"आला का परत तिथंच?" श्रीनू म्हणाला. "१५ वर्षं झाली बे."

"चेंडू लेगस्टंपाबाहेर होता! हे साडेसहा नंबरनं बघत होते!"

"बोट मी विचार करून वर केलं," सर म्हणाले.

"खरं सांगा सर," राजण्णानं शांतपणे बशी उचलली. "ते बोट आउटचं होतं का चष्मा वर घ्यायला?"

सरांचा चष्मा घामानं घसरलाच होता. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी सवयीनं बोट वर नेलं.

"आउट!" अख्खा कट्टा ओरडला. गाड्यावरचा पोरगासुद्धा.