थेट अध्यक्ष आला की कामं अडत नाहीत म्हणे!

'संसद म्हणजे नुसता गोंधळ. अमेरिकेसारखा अध्यक्ष थेट निवडा, मग त्याला अडवणारं कुणी नाही,' हा पाच मुद्द्यांचा मेसेज कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपांवरून फिरत फिरत आत्याच्या मोबाईलवर पोचला. 'हे खरं हाय का रं?' तिनं विचारलं. बहुतेक खोटं आहे, आत्या.

'अडवणारं कुणी नाही' हे तर निव्वळ उलटं. तिथं तिजोरीच्या चाव्या काँग्रेसकडं, म्हणजे तिथल्या संसदेकडं असतात. खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत की सरकारी खाती बंद पडतात. 2018-19 मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून 35 दिवस बंद चालला, सुमारे 8 लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. अध्यक्षही जाग्यावर, काँग्रेसही जाग्यावर. आपल्याकडं लोकसभेनं अनुदानाच्या मागण्या, म्हणजे सरकारनं खर्चासाठी मागितलेले पैसे, फेटाळल्या तर सरकारच जातं.

अमेरिका लांब राहिली, करवीर-कागलात बघा की. सरपंच थेट जनतेतून एका पॅनेलचा, अकरापैकी सात सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. मासिक सभेत गटारीच्या खर्चाचा विषय आला की नामंजूर! सरपंचाला काढायचं तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, वर ग्रामसभेची मान्यता. सातांना ते जमत नाही, सरपंचाला ठराव पास करता येत नाही. गटार तुंबलेलीच. हाच खेळ दिल्लीत हवाय का?

'पाच वर्षं स्थिर सरकार' यात थोडं तथ्य आहे, नाही कशाला म्हणू. 1999 मध्ये वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं. पण ही किंमत घटनाकारांना ठाऊक होती. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीत सरळ मांडलं: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी, घटनेच्या मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलंय. प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारची झडती रोज होते. तिकडं ती मुख्यतः चार वर्षांनी, मतदानाला.

'जनता थेट निवडते'? राज्याराज्यांतून निवडलेले 538 निर्वाचक अध्यक्ष निवडतात, जिंकायला त्यातली 270 मतं लागतात. 2016 मध्ये ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं मिळवणाऱ्या हिलरी क्लिंटन हरल्या.

खासदार नसलेले 'तज्ज्ञ मंत्री' नेमता येतील म्हणे. ते आजही होतात: 1991 मध्ये मनमोहन सिंग खासदार नसताना अर्थमंत्री झाले. सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, एवढंच.

आणि म्हणे ही पद्धत आणायला 'एका अधिवेशनात बदल' पुरे! राष्ट्रपतीच्या निवडणुकीला हात लावायचा तर कलम 368 प्रमाणं दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. त्यातून सुटलं तरी केशवानंद भारती खटल्यातली मूलभूत चौकट, म्हणजे संसदेलाही बदलता न येणारा घटनेचा गाभा, आडवी आहेच.